राष्ट्रपुरुष कोण, हे ठरतं कुठे?

तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी अव्वल कारकून होतो. आवक-जावक, रजा, पगारबिलं यांच्या जोडीला एक काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं होतं, ते म्हणजे जयंत्या. लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत फोटो असायचे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभे ठेवलेले. एक सोडून प्रत्येकाच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवली होती. ‘३ जानेवारी’, ‘१२ जानेवारी – दोन’, ‘२६ जून’. ‘दोन’ अशासाठी, की १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद दोघांचीही जयंती असते आणि शिपाई एकच फोटो काढून मोकळा व्हायचा. सकाळी खुर्चीवर पांढरा टॉवेल, त्यावर फोटो, उदबत्ती, साहेबांच्या हस्ते हार, सगळ्यांचा मिळून मोबाईलवर एक फोटो, तो वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर. पंधरा मिनिटांत सगळे आपापल्या टेबलावर.

एका ७ सप्टेंबरला घोटाळा झाला. त्या दिवशी राजे उमाजी नाईकांची जयंती. कपाटात त्यांचा फोटो नव्हता. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून नेटवरचं एक चित्र छापून आणलं, हार घातला. दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला रामोशी समाजातला एक तरुण पुढे आला आणि हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, हार घातलात ते बरं केलंत. पण हे नाईक नव्हेत.” चित्र दुसऱ्याच कुणाचं होतं. त्याने मोबाईलमधलं बरोबर चित्र दाखवलं, आम्ही ते छापून आणलं, हार इकडचा तिकडे केला. तो काही चिडला नाही. पण तो नसता, तर आम्हांला कळलंही नसतं, हे मला बराच काळ टोचत राहिलं.

‘राष्ट्रपुरुष म्हणण्याच्या लायकीचा कोण’ हा वाद आपल्याकडे बारमाही चालतो. अमक्याला भारतरत्न का नाही, तमक्याचं नाव पुस्तकात कसं, पुतळा कुठल्या चौकात, फोटो कुठल्या भिंतीवर. वाद घालणारे बहुतेक जण असं धरून चालतात, की दिल्लीत कुठेतरी एक अधिकृत वही आहे आणि तीत नाव चढलं की माणूस राष्ट्रपुरुष झाला. अशी वही नाही. आहेत ती चार-पाच वेगवेगळी दारं. प्रत्येकाची चावी वेगळी, पहारेकरी वेगळा.

कायदा काय म्हणतो

इंग्रजांच्या राज्यात रावबहादूर, रावसाहेब, सर अशा पदव्यांची खैरात असे आणि ती कुणाला मिळे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कंटाळलेल्या लोकांनी संविधान लिहिलं आणि अनुच्छेद १८ मध्ये स्पष्ट करून टाकलं, की सैनिकी आणि विद्याविषयक मानाखेरीज राज्य कुणालाही किताब देणार नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ अधिकृतपणे कधी ठरवलं, असं माहितीच्या अधिकारात विचारलं होतं. पुढे तसं जाहीर करावं अशी विनंतीही तिने केली. २०१२ साली गृहमंत्रालयाचं उत्तर आलं, की अनुच्छेद १८ मुळे असा किताब देता येत नाही. म्हणजे नोटेवर ज्यांचं चित्र आहे त्यांचं ‘राष्ट्रपिता’पणही कुठल्या सरकारी आदेशातून आलेलं नाही. सुभाषबाबूंनी ६ जुलै १९४४ च्या रेडिओवरच्या भाषणात गांधीजींना राष्ट्रपिता म्हटलं. ज्या माणसाशी काँग्रेसमध्ये त्यांचं पटलं नव्हतं, त्यालाच.

‘शहीद’चंही असंच. सैन्यदलांत हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, असं सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. भगतसिंगांना शहीद लोक म्हणतात, कागद म्हणत नाही. दर दोन-चार वर्षांनी यावरून कुणीतरी खवळतं, टीव्हीवर चर्चा होते आणि विषय पुन्हा मागे पडतो.

मग आमच्या कपाटातले फोटो कशाच्या आधारावर? तर मंत्रालयातला सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी एक परिपत्रक काढतो. राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या सरकारी कार्यालयांत कोणत्या तारखांना साजऱ्या करायच्या, त्याची ही यादी. परिपत्रक कुणाला काही बहाल करत नाही, कार्यालयांना फक्त हार घालायला सांगतं. गंमत म्हणजे समाजासमाजांची निवेदनं, मोर्चे, आमदारांची पत्रं सगळी याच यादीसाठी असतात. सेवालाल महाराज, संताजी जगनाडे महाराज, उमाजी नाईक ही नावं कार्यालयांच्या भिंतीपर्यंत पोहोचली त्यामागे त्या त्या समाजाचा रेटा आहे. “आता काय, जातवार राष्ट्रपुरुष!” असं नाक मुरडणारे मी चहाच्या टपरीवर पुष्कळ ऐकले. मला ते पटत नाही. पूर्वीची आखूड यादीसुद्धा कुणाच्या तरी निवडीनेच आखूड होती, तेव्हा निवडणारे मूठभर होते एवढंच.

भारतरत्न: सगळ्यात मोठं दार, सगळ्यात कमी नियम

भारतरत्न सुरू झालं २ जानेवारी १९५४ ला. पहिल्या वर्षी राजगोपालाचारी, राधाकृष्णन आणि सी. व्ही. रामन. पद्म पुरस्कारांसाठी अर्ज, शिफारशी, समिती असा व्याप असतो. भारतरत्नासाठी यातलं काहीच लागत नाही. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे नाव सुचवतात, बस्स. मिळतं काय, तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पिंपळपानाच्या आकाराचं पदक. पैसे नाहीत. नेहरूंना १९५५ मध्ये आणि इंदिरा गांधींना १९७१ मध्ये ते पंतप्रधानपदावर असतानाच मिळालं. नाव सुचवण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे लक्षात घेतलं, की टोमणे का मारले जातात ते समजतं.

नियम आहेत, पण ते माणसाच्या मापाने बदललेले दिसतात. सुरुवातीला मरणोत्तर देता येत नव्हतं, १९५५ मध्ये ती सोय केली आणि १९६६ मध्ये शास्त्रीजींना पहिल्यांदा मरणोत्तर दिलं. क्षेत्रं ठरलेली होती: कला, साहित्य, विज्ञान, लोकसेवा. खेळ त्यात नव्हता. २०११ मध्ये ‘मानवी कर्तृत्वाचं कोणतंही क्षेत्र’ अशी शब्दरचना आली आणि २०१३ मध्ये सचिनचं नाव जाहीर झालं. ध्यानचंदांचे चाहते आजही विचारतात, की दार उघडलं हे चांगलंच, पण आत पहिला कोण जायला हवा होता? हॉकीवाल्यांचा हा सवाल बिनतोड आहे, असं क्रिकेटवेडा असूनही मला वाटतं. वर्षाला जास्तीत जास्त तीन हा दंडकही १९९९ मध्ये चार आणि २०२४ मध्ये पाच नावं देऊन बाजूला ठेवला गेला. २०२४ पर्यंतच्या ५३ मानकऱ्यांत बायका किती? पाच. इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, सुब्बुलक्ष्मी आणि लता मंगेशकर.

१९७७ मध्ये जनता सरकारने हे पुरस्कारच बंद केले होते. १९८० मध्ये इंदिराबाई परत आल्या आणि पुरस्कारही परत आले. पुढे प्रकरण कोर्टात गेलं: अनुच्छेद १८ किताबांना मनाई करतो, मग हे काय? सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी १९९५ मध्ये निवाडा दिला, की हे किताब नाहीत, गौरव आहेत, म्हणून चालतील. पण नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. लग्नपत्रिकांवर आणि सभेच्या फ्लेक्सवर ‘पद्मश्री’, ‘भारतरत्न’ बिनदिक्कत छापलेलं दिसतं ते या निवाड्याच्या नाकावर टिच्चून.

सुभाषबाबूंचा किस्सा तर एका शब्दाचा आहे. १९९२ मध्ये त्यांना ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झालं. लगेच विचारणा झाली, की मरण झाल्याचा पुरावा कुठे आहे? घरच्यांनी नकार दिला, खटला झाला, आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती घोषणा रद्द धरून विषय मिटवला. पुरस्कार त्यांना मिळालेला नाही. त्यांच्या मोठेपणात त्यामुळे काही उणं आलंय असं बंगालमध्ये तर सोडाच, इथे आमच्या तालुक्यातही कुणी म्हणणार नाही.

एक दार जिथे खरंच माप आहे

या सगळ्या गोंधळात मला एकच योजना अशी दिसते जिने थोरवी मोजायच्या भानगडीत न पडता कृती मोजली. स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन. केंद्राची योजना १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी आली. तेव्हा ती कमी उत्पन्न असलेल्यांपुरती होती. १९८० पासून ती सगळ्यांना खुली झाली आणि नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. मुख्य अट साधी: स्वातंत्र्यलढ्यात किमान सहा महिने तुरुंगवास. बायका आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांसाठी तीन महिने. भूमिगत राहिलेले, हद्दपार झालेले, मालमत्ता जप्त झालेले यांच्यासाठी वेगळे निकष. तुम्ही गांधीवादी होता की समाजवादी, भाषणं केलीत की नुसती पत्रकं वाटलीत, याच्याशी कारकुनाला देणंघेणं नाही. तुरुंगाचा दाखला आणा.

पण दाखला म्हटलं की आपल्याकडे पुढचं सांगायला नको. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी सरहद्दीवर कॅम्प होते, निजामाच्या हद्दीबाहेर. तिथे राहून काम करणाऱ्यांनाही पुढे पेन्शनला पात्र धरलं. कॅम्पची नोंदवही तुरुंगासारखी पक्की थोडीच असणार! सोबतच्या सैनिकाने ‘हा माझ्याबरोबर होता’ असं लिहून द्यायचं. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं आणि चौकशीसाठी न्या. पालकर आयोग नेमावा लागला. काहींची वयं अशी निघाली, की लढ्याच्या वेळी ते पाटी-पेन्सिलही धरत नसतील. कृती मोजणारं माप चांगलं खरं, पण ती कृती ज्यांनी गाजावाजा न करता केली त्यांच्याकडे कागद नव्हता आणि ज्यांनी केली नाही त्यांच्याकडे मात्र होता.

सरकारी दप्तरातला दरोडेखोर

पुन्हा उमाजी नाईकांकडे येतो, कारण या विषयाची सगळी मेख त्यांच्यात आहे. जन्म १७९१, पुरंदर तालुक्यातलं भिवडी. गडांच्या राखणीचं रामोशांचं वतन कंपनी सरकारच्या राज्यात गेलं आणि त्यातून हे बंड उभं राहिलं. मध्ये काही काळ इंग्रजांनीच त्यांना माफी देऊन मुलखाच्या बंदोबस्ताला लावलं होतं. ते मोडून ते पुन्हा बाहेर पडले, इंग्रजांना हाकलण्याचा जाहीरनामा काढला, शेवटी फितुरीने सापडले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली.

त्यांच्याबद्दलची बरीचशी समकालीन माहिती आपल्याला कुणाकडून मिळते? कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याकडून. उमाजींच्या पाठलागावरच्या या माणसाने १८३३ मध्ये रामोशांवर आणि त्यांच्या या नायकावर पुस्तक लिहिलं. त्याच्या लेखी हा दरोडेखोरांचा म्होरक्या. म्हणजे ज्या कागदांवरून आपण आज ‘आद्यक्रांतिवीर’ म्हणतो, ते कागद शत्रूचे आहेत. लुटीच्या नोंदी त्यात आहेत, त्या नाकारायचं कारण नाही. पण त्या काळात बंडाला पैसा दुसरा कुठून येणार होता, हा प्रश्न मॅकिंटॉशला पडायचं कारण नव्हतं. आपल्याला पडायला हवा. दप्तर कुणी लिहिलं, हे आधी विचारायचं आणि मग दप्तरात काय लिहिलंय ते वाचायचं, एवढी शिस्त पाळली तर निम्मे वाद शांत डोक्याने घालता येतात.

नावं आत येतात तशी बाहेरही काढली जातात. केंद्र सरकारने काढलेल्या हुतात्म्यांच्या कोशातून १९२१ च्या मलबारातल्या मोपला मुसलमानांच्या उठावातली ३८७ नावं वगळावीत, अशी शिफारस २०२१ मध्ये एका समितीने केली. उठाव इंग्रजांविरुद्ध होता की हिंदूंविरुद्ध, शेतकऱ्यांचा होता की धर्माचा, यावर शंभर वर्षं इतिहासकार भांडताहेत. कोशात मात्र एकच रकाना: हुतात्मा, होय किंवा नाही.

आयुष्यातली कोणती वर्षं?

वाद तापतो तो बहुतेक वेळा माणसावरून नसतो, त्याच्या आयुष्यातल्या कुठल्या वर्षांवर बोट ठेवायचं यावरून असतो. सावरकरांचंच बघा. एक बाजू १९११ ते १९२१ चं अंदमान दाखवते, पन्नास वर्षांची शिक्षा दाखवते, रत्नागिरीतलं १९३१ चं पतितपावन मंदिर दाखवते. दुसरी बाजू अंदमानातून पाठवलेले अर्ज दाखवते, हिंदू महासभेचं राजकारण दाखवते, गांधीहत्येच्या खटल्यातलं आरोपीचं नाव दाखवते. त्यावर पहिली बाजू निर्दोष सुटका दाखवते. २००३ मध्ये संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचं तैलचित्र लागलं तेव्हा विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला. यातली एकही गोष्ट खोटी नाही. म्हणून पुराव्यांचा ढीग कितीही वाढवला तरी हा वाद मिटत नाही, कारण तो मुळात पुराव्याचा वाद नाहीच. उद्या आपण कसं राहायचं याबद्दलचं ते भांडण आहे.

याच्या उलट धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्याच माणसाला भारतरत्न. मधल्या ६५ वर्षांत अण्णा बदलले नव्हते, आजूबाजूचे बदलले. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे संततिनियमनाचा प्रचार करत कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले आणि १९५३ मध्ये गेले. त्यांच्या फोटोला मी कधी हार घातला नाही. परिपत्रकात नाव नव्हतं.

लोकांनी दिलेलं

१ मेपासून पावसाळ्यापर्यंतचा काळ आमच्याकडे जयंत्यांचा हंगाम, पण एक तारीख कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती: ११ मे. १८८८ मध्ये या दिवशी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली आणि जोतीराव फुल्यांना लोकांनी ‘महात्मा’ ही पदवी दिली. सरकार नव्हतं, विद्यापीठ नव्हतं. कष्टकऱ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी बोलावलेली सभा. टिळकांचं ‘लोकमान्य’, बार्डोलीच्या सत्याग्रहातून आलेलं ‘सरदार’, नाना पाटलांचं ‘क्रांतिसिंह’ ही सगळी अशीच लोकांच्या तोंडून आलेली.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने ठराव केला, की जोतीराव आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावं अशी केंद्राला शिफारस करावी. त्यावर दोन प्रकारचे आक्षेप ऐकू आले. पहिला असा, की ‘महात्मा’पुढे भारतरत्न म्हणजे खालची पायरी. गांधीजींना भारतरत्न द्या अशी याचिका २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात आली तेव्हा सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने साधारण हेच सांगितलं होतं: लोकांच्या मनातलं त्यांचं स्थान औपचारिक सन्मानाच्या पलीकडचं आहे. दुसरा आक्षेप व्यवहारी. आजवरचे सगळे मानकरी विसाव्या शतकात हयात होते. जोतीराव १८९० मध्ये गेले, सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. एकदा ती रेघ ओलांडली, की मग कुठे थांबणार? तुकोबा? अशोक?

मला दुसऱ्या आक्षेपात दम वाटतो आणि तरीही ठराव आवडला. कारण सांगतो. पहिला आक्षेप घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना जोतीरावांचं मोठेपण पुरस्कारापलीकडचं आहे हे नेमकं पुरस्काराची वेळ आल्यावर आठवलं.

बाहेरच्या देशांनी काय केलं

फिलिपिन्समध्ये ही वही करायचा प्रयत्न झाला. होसे रिझाल हे तिथलं सगळ्यात मोठं नाव, पण त्यांनाही कायद्याने ‘राष्ट्रीय वीर’ घोषित केलेलं नाही. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी समिती नेमली. तिने १९९५ मध्ये नऊ नावं सुचवली. सरकारने ती यादी तशीच ठेवली, कारण एकदा नऊ जाहीर केली की दहाव्यासाठी रांग लागणार आणि जुन्या जखमा उकरल्या जाणार.

इंडोनेशियाने ते दार सताड उघडलं. तिथे ‘पहलवान नासिओनाल’ हा कायदेशीर किताब आहे. ‘पहलवान’ म्हणजे तिथे कुस्तीगीर नाही, वीर. दरवर्षी १० नोव्हेंबरच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष नवी नावं जाहीर करतात. १९६३ मध्ये सुकार्नोंनी डाव्या विचारांच्या तान मलाकांना हा किताब दिला. सुहार्तोंची राजवट आली आणि किताब न काढताच तान मलाकांचं नाव शाळेच्या पुस्तकांतून गायब झालं. १० नोव्हेंबर २०२५ ला खुद्द सुहार्तोच या यादीत गेले. किताब देणारे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो हे त्यांचे एकेकाळचे जावई. आणि त्याच दिवशी, त्याच यादीत मार्सिना हे नाव होतं. सुहार्तोंच्या राजवटीत, १९९३ मध्ये, संपात पुढे होती म्हणून मारली गेलेली घड्याळाच्या कारखान्यातली कामगार. दोघांच्याही घरच्यांना सारखीच सनद.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात नव्या भाऊसाहेबांकडे कार्यभार सोपवायचा होता. चार्ज लिस्ट करायला बसलो. डेडस्टॉक रजिस्टर आणि कपाटातले फोटो ताडून पाहिले. चिठ्ठीवाले सगळे जुळले. उरला तो एक, बिनचिठ्ठीचा. फेटा, मिशा, छातीवर उपरणं, काचेच्या आत वाळवीने खाल्लेला एक कोपरा. फ्रेम शिसवी, त्या काळात चांगलीच महाग असणार. कुणीतरी वर्गणी काढून कार्यालयाला दिलेला असावा. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, “मी लागलो तेव्हापासून हाये.” जुन्या तीन निवृत्तांना फोन केले. कुणालाच नाव सांगता येईना.

रद्दीत घालायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो आणि त्यात वस्तूचं वर्णन लिहावं लागतं. मी चार्ज लिस्टमध्ये लिहिलं, ‘तसबीर, नग १’. नव्या भाऊसाहेबांनी सही केली आणि विचारलं, “यांची जयंती कधी असते?”